साडेपाच तास लवकर आलेलं वऱ्हाड

साडेदहाला आटपाडीची बस ‘शुभंकर मंगल कार्यालया’च्या दारात येऊन थांबली, तेव्हा मी ऑफिसात बसून पोह्यांची दुसरी बशी संपवत होतो. बसमधून आधी एक ट्रंक उतरली, मग हातात काठी घेतलेल्या एक उंच म्हाताऱ्या बाई आणि त्यांच्यामागून साठेक माणसं. सगळ्यांत शेवटी नवरदेव उतरला. त्याचे केस अर्धेच विंचरलेले होते, अंगात नुसता बनियन होता आणि कानामागची हळद तशीच होती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, संध्याकाळी सहा वाजून बत्तीस मिनिटांनी. वऱ्हाड यायचं होतं दुपारी चारला. अजून मांडवात खुर्च्या मांडायच्या होत्या, नवरी ब्यूटी पार्लरला गेली होती आणि नवरीचे वडील वरच्या खोलीत दाढी करत होते.

मी धावत बाहेर गेलो. माझ्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता आणि खांद्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या, कारण कार्यालयाच्या मालकांची तशी सक्त सूचना होती. विमानाचा कॅप्टन लग्नाची व्यवस्था बघतोय, हे चार लोकांना दिसायला हवं होतं. काठीवाल्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“ए बँडवाल्या,” त्या म्हणाल्या, “आधी मालकाला बोलीव.”

त्या म्हणजे नवरदेवाच्या शेवंता आत्या. मुलाला आई नव्हती, आत्यांनीच वाढवला होता, त्यामुळे वऱ्हाडातलं पानसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय हलत नव्हतं. त्यांची तक्रार अशी, की पहाटे पाचला बसच्या ड्रायव्हरचा फोन आला, आठला गाडी निघणार. त्यावर बायकांनी लुगडी गुंडाळली, चहा अर्धा टाकून सगळे पळत सुटले, आणि नवरदेवाची तर कटिंगही राहिली. एवढं करून इथं पोचावं, तर स्वागताला ना पाणी, ना गूळ, ना माणूस. नुसता एक बँडवाला, तोही वाद्याशिवाय.

मालक आले. रंगराव मोहिते हे माझी बायको वृषाली हिचे सख्खे मामा. तीस वर्षं त्यांनी सांगलीत हे कार्यालय चालवलं होतं, पण आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि मुलाला पुण्यात कॉम्प्युटरपुढून उठायचं नव्हतं. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “जावईबापू, ही मंडळी आत्ताच कशी?”

मी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरनं शांतपणे खिशातून चिठ्ठी काढली. अक्षर माझंच होतं. ‘आटपाडीहून निघणे ०८.००, सांगलीस पोहोचणे १०.३०.’

“एका मिनिटाचा फरक केला न्हाई साहेब,” तो अभिमानानं म्हणाला आणि दुसऱ्या वऱ्हाडाच्या भाड्याला निघूनही गेला. तो परतीच्या वेळी, रात्रीच उगवणार होता.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यात पाच वाजून काही मिनिटं झाली होती. मग मला कळलं, गोंधळ माझ्याच हातून झाला होता.

झालं होतं असं. विमानांचं जग एकाच घड्याळावर चालतं, ते इंग्लंडातल्या ग्रीनिचचं. विमान नागपूरहून निघो नाहीतर सिंगापूरहून, कागदावर वेळ लिहायची ती ग्रीनिचचीच. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सतरा वर्षं मी तसंच लिहीत आलो होतो, मनगटावरचं घड्याळही तसंच लावत आलो होतो. या लग्नाचं वेळापत्रक मी दोन उड्डाणांच्या मध्ये विमानतळावर बसून बनवलं. मुहूर्तापासून उलटं मोजत गेलो, आणि हातानं सवयीप्रमाणे चार वाजताच्या जागी साडेदहा लिहिलं. सकाळचं लग्न असतं, तर पहाटे तीनचा नाश्ता बघून कुणीतरी हटकलं असतं. पण गोरज मुहूर्तातून साडेपाच तास वजा केले की सगळ्या वेळा शहाण्यासारख्या दिसतात. बँड साडेअकराला, फुलं दुपारी बाराला, पंगत अडीचला. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

शिवाय मी सगळ्यांना आमची एक रीत शिकवली होती. सूचना दिली की समोरच्यानं ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. मल्लाप्पा आचाऱ्यानं मोठ्या उत्साहानं म्हणून दाखवलं होतं, “अडीचला पंगत, कॅप्टन.” सांगणाऱ्याचीच चूक असेल तर काय, हे मात्र शिकवायचं राहून गेलं होतं.

मी मागच्या अंगणात पळालो. मल्लाप्पानं दोन मोठ्या पातेल्यांत आमटी आणि बटाट्याची भाजी उतरवून ठेवली होती आणि तो आता भाताला हात घालणार होता. तिथेच वृषाली जिलेबीचं पीठ बघत उभी होती. मी तिला चिठ्ठी दाखवली.

“हा कागद तू तपासला होतास ना?”

“दोनदा,” ती म्हणाली. “बरोबर तर आहे. वऱ्हाड चारला.”

“वृषाली, इथं साडेदहा लिहिलंय.”

तिनं कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला. लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती माझ्या ड्यूटीचे कागद वाचत आली होती. माझ्या हातचा कुठलाही आकडा दिसला की त्यात साडेपाच तास मिळवूनच तो तिच्या डोक्यात शिरायचा. अख्ख्या सांगली जिल्ह्यात ते वेळापत्रक बरोबर वाचणारी ती एकटीच बाई होती, आणि मी नेमकं तिलाच तपासायला दिलं होतं.

तिनं मल्लाप्पाला भात थांबवायला सांगितला. बँडवाल्याला आणि फुलवाल्याला फोन लावायला घेतले. मी पुन्हा पुढे निघालो, कारण पुढे माझं सगळंच टांगलेलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या कंपनीचं पत्र आलं होतं. वैमानिकांचे पगार निम्म्यावर आणत आहोत. नवा करार मान्य असल्यास सोमवारपर्यंत सही करावी, नसल्यास आपल्या सेवेबद्दल आभार. कंपनीत जो तो दुसरं काहीतरी शोधू लागला होता. माझ्या एका मित्रानं पिठाची गिरणी टाकली होती, आणि दुसरा योग शिकवत होता, ज्याला स्वतःला वाकता येत नव्हतं. मी वृषालीला म्हटलं, मामांचं कार्यालय आहे की. वेळेवर सुरू करायचं आणि वेळेवर संपवायचं, माणसांना बसवायचं, खायला घालायचं आणि उतरवून द्यायचं. सतरा वर्षं मी वेगळं काय करत होतो?

पगाराचं मात्र मी सांगलीत कुणालाच कळू दिलं नव्हतं. मामांनाही नाही. आकाशाचा कंटाळा आला, जमिनीवर राहावंसं वाटतं, असं मी सांगितलं होतं, आणि ते त्यांना फार भारदस्त वाटलं होतं. ते म्हणाले होते, “शनिवारचं एक लग्न सुरळीत पार पाडून दाखवा. सोमवारी किल्ल्या तुमच्या.”

मी पुढे पोचलो तेव्हा मामांनी निम्मा किल्ला सर केला होता. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम असा, की लग्नात चूक नेहमी तिथं हजर नसलेल्या माणसाची असते. ड्रायव्हर गेला होता, म्हणजे चूक ड्रायव्हरची. मामा त्याला यथेच्छ शिव्या घालत होते, मान खाली घालून आत्यांची क्षमा मागत होते, आणि आत्यांची काठी हळूहळू दाराच्या दिशेनं वळू लागली होती.

आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलटी रीत आहे. चूक झाली की आपण होऊन, ताबडतोब आणि पूर्ण सांगायची. जो सांगतो त्याला सहसा काही होत नाही. लपवतो त्याची नोकरी जाते. एका गरीब ड्रायव्हरवर माझं पाप ढकललं जात असताना मला राहवेना. मी मांडवातला माईक उचलला. माईक हातात आला की माझा आवाज आपोआप खोल आणि गोड होतो, त्याला माझा इलाज नाही.

“नमस्कार. मी कॅप्टन हेमंत साळोखे बोलतोय. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. ड्रायव्हरची काहीही चूक नाही. वेळ मी चुकीची लिहिली. चूक माझी, आणि माझी एकट्याची आहे.”

साठही माना माझ्याकडे वळल्या. आमच्याकडच्या लग्नात आपली चूक कबूल करणारा माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. मामांनी डोळे मिटून घेतले.

“म्हंजी कबूलच हाय,” शेवंता आत्या म्हणाल्या. “मग आता ऐका. आमास्नी चारला बोलावलंय. चारलाच उंबऱ्याच्या आत पाय ठिवू. आन् तवर लगीन करायचं का न्हाई, त्येबी ठरवू.”

त्यांनी ट्रंक लिंबाच्या झाडाखाली ठेवायला लावली आणि तिच्यावर बैठक मारली. साठ माणसं त्यांच्याभोवती उभी राहिली. मे महिन्याचं ऊन, पोटात अर्धा कप चहा. पाण्याचे पेले आले तसे परत गेले. नवरीचे वडील एका गालाला साबण तसाच ठेवून खाली आले, हात जोडून उभे राहिले, त्यांच्याकडेही कुणी बघेना. मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “किल्ल्यांचं इसरा आता. हे लगीन मोडलं तर मला सांगलीत तोंड दाखवायला जागा न्हाई.”

तेवढ्यात वृषाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ लिंबाखाली गेली, आत्यांच्या शेजारी खाली मातीत बसली आणि पदरानं वारा घेत हलक्या आवाजात बोलू लागली. हलका म्हणजे चाळीस माणसांना ऐकू जाईल एवढा.

“आत्या, त्यांच्यावर रागावू नका. डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. विमान चालवतात, पण कंपनीनं पगार निम्मा केलाय. तीन आठवडे झोप नाही. कुणाला सांगू नको म्हणालेत, म्हणून तुम्हालाच सांगते.”

त्या क्षणी मला बायकोचा इतका राग आला, की विमान घेऊन कुठेतरी निघून जावं असं वाटलं. मामा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते, आणि मी खांद्यावरच्या पट्ट्या झाकायला हात शोधत होतो.

आत्यांनी काठी बाजूला ठेवली. “निम्मा?” त्यांनी विचारलं. “इमान चालवणाऱ्याचा?”

“निम्मा.”

“पोरं किती?”

“एक मुलगी.”

“हिकडं या वो,” आत्यांनी मला हाक मारली. मी गेलो. त्यांनी ट्रंकेवर सरकून मला जागा करून दिली आणि ट्रंकेतून बेसनाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. “खावा आधी. बारीक झालाय लई.”

मी पोह्यांच्या दोन बश्या खाऊन आलेलो होतो, पण तो लाडू मी खाल्ला.

मग जे सुरू झालं, ते थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. रुसण्यात आमच्या लोकांना गोडी आहे हे खरं, पण अडचणीतल्या माणसाला सल्ला देण्यात जी गोडी आहे तिची सर रुसण्याला नाही. एकानं मला शेळीपालन समजावून सांगितलं. एकाची डाळिंबाची बाग होती. त्याच्या मते मी ड्रोन घेऊन फवारणीला यावं, उडवायची सवय आहेच. नवरदेव बनियनवरच पुढे झाला आणि शाळेच्या बससाठी आटपाडीत ड्रायव्हर मिळत नाहीत, असं म्हणाला. नवरीचे वडीलही साबणासकट सल्ल्यात सामील झाले, आणि त्या घोळक्यात वरपक्ष कुठला, वधूपक्ष कुठला, हे कळेनासं झालं.

नवरदेवाचे चुलते एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. ते इतर सगळ्यांना बाजूला सारून माझ्याजवळ बसले, कारण ते माझ्याच लायनीतले होते.

“तुमची किती शिटांची?” त्यांनी विचारलं.

“एकशे ऐंशी.”

“आमची चव्वेचाळीस. पर उभी धरली तर सत्तर जात्यात.” त्यांनी थोडा विचार केला. “तुमच्यात उभी घेत न्हाईत?”

“नाही.”

“मग पगार कसा वाढंल?” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, तीन आठवड्यांत माझ्याशी कुणी इतक्या आपलेपणानं बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी दुसरा लाडू मागितला.

हे चालू असताना वृषालीनं काय काय केलं, ते मला नंतर कळलं. आमटी आणि भाजी तिनं दुपारच्या जेवणाला वळवली, मल्लाप्पाकडून वर गरम भाकरी आणि ठेचा करून घेतला आणि आत्यांना जाऊन सांगितलं, की हे जेवण लग्नाचं नव्हेच, माहेरी आल्यावर मिळतं तसं घरचं जेवण आहे. नवरदेवासाठी समोरच्या न्हाव्याला कार्यालयात आणून बसवला. बायकांसाठी वरच्या तीन खोल्या उघडून कूलर लावले आणि नवरीच्या पार्लरमधल्या दोन मुलींना तिथं बोलावून घेतलं. बाराच्या आत शेवंता आत्या उंबऱ्याच्या आत होत्या. कुणीही चार वाजण्याची वाट पाहिली नाही, आणि कुणाला त्याची आठवणही राहिली नाही.

संध्याकाळी सहा बत्तीसला अक्षता पडल्या. बँड वाजला, जिलेबी कुरकुरीत झाली. हारतुऱ्यांच्या वेळी आत्यांनी माईकवरून मला पुढे बोलावलं आणि “आमचे पायलट पाव्हणे, ज्यांचा पगार निम्मा झाला” अशी ओळख करून देऊन नारळ दिला. आठशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामांच्या ओळखीचं सांगलीत एकही माणूस उरलं नाही, ज्याला माझा पगार माहीत नव्हता.

रविवारी सकाळी मामांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मी आंघोळ करून, साधा शर्ट घालून गेलो. मनात धरलं होतं, की काही झालं तरी लग्न पार पडलं, आणि शब्द म्हणजे शब्द. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा होता.

“जावईबापू,” मामा म्हणाले, “तुम्ही सरळ माणूस. आमच्या धंद्यात सरळ माणूस म्हंजी आगीत तेल. विमानात तुमची गरज हाय, तिथंच ऱ्हावा.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामांनी जुडगा उचलला आणि माझ्यासमोरून पुढे सरकवत वृषालीपुढे ठेवला.

“ही लग्नाआधी पुण्याच्या हॉटेलात पाचशे-पाचशे माणसांची जेवणं सांभाळत हुती,” ते म्हणाले. “तुम्ही दिल्लीला गेलासा, मग हैदराबाद, मग बंगळूर. ही मागनं फिरत ऱ्हायली. माझीच भाची, आन् माझ्याबी ध्यानात आलं न्हाई. काल आलं.”

मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. आमच्या घरात कुठलाही निर्णय घ्यायचा, तर ती आधी माझ्याकडे बघायची. तिनं किल्ल्या हातात घेतल्या, वजन करून पाहिल्या आणि मामांना विचारलं, “पगार किती?”

मामांनी आकडा सांगितला. तिनं त्यावरचा एक आकडा सांगितला. मामा पाणी प्यायले आणि त्यांनी मान डोलावली. मी मधे बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो. मला वाईट वाटत होतं, हे लपवत नाही. पण वृषालीच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, ते मी लग्नाच्या आधी पाहिलं होतं, आणि ते मधे कधी गेलं हे मला सांगता आलं नसतं.

सोमवारी मी निम्म्या पगाराच्या करारावर सही केली. पुढे काही वर्षांनी तो पगार पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. हल्ली मी त्याकडे फार लक्ष देत नाही. घरात दुसरा पगार येतो, आणि तो कुणी निम्मा करत नाही.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी बंगळूरहून फोन केला. डिसेंबरमध्ये मला सलग दहा दिवस मिळत होते. म्हटलं, तू आणि मुलगी इकडे या, कुठेतरी जाऊ. पलीकडे तिच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“डिसेंबरमध्ये चौदा लग्नं आहेत,” ती म्हणाली. “मला सुट्टी मिळणार नाही, हेमंत. तू इकडे येणार असशील तर ये. पण मी घरी असेन की नाही, सांगता येत नाही.”

हे वाक्य मी अकरा वर्षं तिला ऐकवत आलो होतो. दिवाळीला, मुलीच्या वाढदिवसाला, तिची आई आजारी असताना. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणालो, “बरं.”

तीही दर वेळी एवढंच म्हणायची.